जुन्या राईडला सिनेमाचा साज चढवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळ अमरावती रोडवर वाडीच्या पुढे तुमचं छोटं मनोरंजन पार्क आहे. तिथे बोगद्यातून फिरून शेवटी छोट्या उतारावरून पाण्यात उतरणारी बोट राईड, एक कोलंबस (झुलतं जहाज) आणि एक भूतबंगला आहे. तिन्ही जुने, पण धडधाकट. गर्दी घटते आहे आणि नवी राईड घेण्याइतका पैसा नाही, म्हणून याच तिघांना गाजलेल्या सिनेमांची पात्रं लावायचा विचार आहे. परवानगी लागते का, की ‘थोडा बदल’ करून भागतं? काम पावसाळ्यात उरकेल का? आणि मुळात याने गर्दी परत येते का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. हो, येते. जगातली मोठमोठी पार्कंसुद्धा नवी राईड उभारण्याऐवजी जुनीला नव्या सिनेमाची कथा देतात आणि तिथे पुन्हा रांगा लागतात. हा बदल वर्षानुवर्षं टिकेल की एका उन्हाळ्यात विरेल, हे सिनेमा किती गाजलाय यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं. राईड शरीराला जे करते, त्याला नवी कथा कारण पुरवते का? बोट अंधारात शिरते, पाळणा झुलतो, लिफ्ट कोसळते. ‘हे का झालं?’ याचं उत्तर कथेत मिळालं की माणूस कथेच्या आत असतो. नाही मिळालं तर तो जुन्याच बोटीत बसून भिंतीवरची चित्रं बघत असतो, आणि नागपूरचं पोट्टं बाहेर येऊन सगळ्यांदेखत सांगतं, ‘हे तं तेच जुनं आहे ना बे!’

फ्लोरिडातल्या एपकॉट पार्कचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे १९८८ पासून ‘मेलस्ट्रॉम’ नावाची नॉर्वेच्या लोककथांवरची नावेची राईड होती. त्यात एक तीन डोक्यांचा राक्षस चिडून नाव उलट्या दिशेने ढकलायचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये ती बंद झाली आणि जून २०१६ मध्ये त्याच पाण्याच्या मार्गावर ‘फ्रोझन’ सिनेमावरची ‘फ्रोझन एव्हर आफ्टर’ सुरू झाली. नाव आजही त्याच टप्प्यावर मागे जाते. फक्त आता समोर त्या सिनेमातली एल्सा गात असते आणि तिच्या बर्फाच्या शक्तीने आपण मागे ढकलले जातो. मार्गाला हात न लावता त्याच झटक्याला दुसरं कारण दिलं. या कामातलं खरं कसब हे.

कॅलिफोर्नियातला ‘टॉवर ऑफ टेरर’ आणखी पुढे गेला. तिथे हॉटेलच्या बिघडलेल्या लिफ्टची कथा होती. जानेवारी २०१७ च्या सुरुवातीला राईड बंद केली आणि त्याच मे महिन्याच्या शेवटी ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ या सिनेमाची राईड म्हणून उघडली. पाच महिनेसुद्धा लागले नाहीत, कारण इमारत आणि लिफ्टची मूळ यंत्रणा ठेवली. मात्र लिफ्ट कधी, किती आणि कोणत्या ठेक्यात वर-खाली होणार, हा कार्यक्रम नव्याने लिहिला. सहा गाणी निवडली आणि प्रत्येक गाण्याला उसळण्या-कोसळण्याचा वेगळा क्रम दिला. त्यामुळे जुन्या यंत्राची चालच बदलली. भीतीच्या जागी धिंगाणा आला.

आता थोडी उलटी बाजू. डिस्नेची ‘स्प्लॅश माउंटन’ ही उंचावरून पाण्यात कोसळणारी बोट राईड १९८९ ची. ती १९४६ च्या ज्या सिनेमावर बेतली होती, त्यातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर अनेक दशकं टीका होत होती, म्हणून ती बदलायलाच हवी होती. २०२४ मध्ये फ्लोरिडात आणि कॅलिफोर्नियात तिची ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ झाली. आतल्या बाहुल्यांची हालचाल, संगीत, रंग सगळं अप्रतिम आहे. पण जुन्या कथेत सशाला काट्यांच्या जाळीत फेकलं जायचं आणि तीच शेवटची मोठी उडी असायची. सगळी राईड त्या क्षणाकडे धावायची. नव्या कथेत नायिका मेजवानीसाठी वादक शोधते. खलनायक नाही, पाठलाग नाही. इतक्या उंचावरून उडी घेण्याइतकं बळकट कारण त्या कथेत नाही, असं माझं मत आहे. जगातला सगळ्यात सढळ खर्च करणारा चमूही इथे अडखळू शकतो, मग आपण तर पहिला कागद हातात घेण्याआधी याचाच विचार करायला हवा.

म्हणून आधी सिनेमा बाजूला ठेवा. आठवड्यातल्या रिकाम्या दिवशी तिन्ही राईडमध्ये स्वतः बसा आणि सेकंदाच्या हिशेबाने लिहून काढा: कुठे अंधार होतो, कुठे वेग वाढतो, कुठे वळणामुळे पुढचं दिसत नाही, कुठे काहीच घडत नाही. हा कागद तयार झाला की निम्मी निवड आपोआप होते. वेगाच्या जागी पुतळा लावून उपयोग नसतो, तो दिसतच नाही. तिथे आवाज, वारा, पाण्याचा फवारा किंवा एकच ठळक प्रकाश काम करतो. पात्रं ठेवायची ती संथ जागी, वळणाच्या तोंडाशी, बसलेल्या मुलाच्या नजरेच्या उंचीवर.

आता परवानगी. हे जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे या बाबतीत फार गैरसमज आहेत.

‘वीस टक्के बदल केला की चालतं’ हे मी प्रत्येक डेकोरेटरकडून ऐकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असा कोणताही टक्का नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात कसोटी दिली ती प्रेक्षकाच्या नजरेची: दोन्ही कलाकृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीचीच नक्कल आहे असं निःसंशय वाटतं का? तुम्हाला तर मुलांनी पात्र दुरून ओळखावं असंच वाटतं. म्हणजे तुमचा हेतू सफल झाला की कसोटीवर तुम्ही हरलात. गणपतीच्या मंडपात सिनेमाचा देखावा दहा दिवस उभा राहतो आणि कोणी काही म्हणत नाही, हे उदाहरण पुढे करू नका. तुम्ही तिकीट लावता.

शिवाय एका पात्रात अनेक मालक असतात. सिनेमाचा हक्क निर्मात्याकडे. नाव आणि बोधचिन्ह बहुधा ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं. गाणं वाजवायचं तर ध्वनिमुद्रणाचे आणि रचनेचे हक्क वेगळे, म्हणून पीपीएल आणि आयपीआरएस या हक्क सांभाळणाऱ्या संस्थांकडे विचारणा करावी लागते. आणि नटाचा चेहरा हा त्या नटाचा. रजनीकांत यांच्या बाजूने मद्रास उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, तर अनिल कपूर यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये आदेश दिले. अनिल कपूरच्या बाबतीत नाव, चेहरा, आवाज यांच्यासोबत त्यांचा ‘झकास’सुद्धा संरक्षणात आला. म्हणजे निर्मात्याने होकार दिला तरी नायकाचा चेहरा फायबरमध्ये ओतायला वेगळी परवानगी लागू शकते. करारात हे स्पष्ट लिहून घ्या.

रीतसर करार अशक्य नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकात ‘मिस्टर इंडिया’वर सिम्युलेटर राईड आली, म्हणजे हिंदी सिनेमा आणि राईड यांची सांगड महाराष्ट्रात आधीच घातली गेली आहे. सहसा किमान हमी रक्कम आणि तिकीटविक्रीतला वाटा असं या कराराचं स्वरूप असतं. स्केच, मातीचा नमुना, रंगवलेला नमुना अशा प्रत्येक टप्प्यावर हक्कधारकाची मान्यता घ्यावी लागते, आणि या मान्यतांना लागणारे आठवडे लोक वेळापत्रकात धरायचेच विसरतात. करार संपला की सगळं किती दिवसांत उतरवायचं, हे कलम सर्वात आधी वाचा.

हे उतरवणं किती खरं असतं, हे अमेरिकेतल्या किंग्ज आयलंड पार्कात दिसलं. १९९३ मध्ये तिथे ‘टॉप गन’ नावाचा लटकता रोलर कोस्टर आला, कारण पार्क तो सिनेमा काढणाऱ्या पॅरामाउंट कंपनीचं होतं. २००६ मध्ये पॅरामाउंटची पार्कं सीडर फेअर कंपनीने घेतली, सिनेमाची नावं काढावी लागली आणि २००८ मध्ये तो ‘फ्लाइट डेक’ झाला. २०१४ मध्ये त्याचं नाव ‘द बॅट’ ठेवलं. लोखंड तेच, नावं तीन. मोठ्यांनाही हे चुकत नाही: डिस्नेने २००९ मध्ये मार्व्हल कंपनी विकत घेतली, तरी फ्लोरिडातल्या पार्कांत तिची बरीच पात्रं डिस्नेला आजही वापरता येत नाहीत, कारण १९९४ च्या कराराने ते हक्क युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी पार्क कंपनीकडे गेलेले आहेत.

यातून माझी कामाची पद्धत ठरली आहे. सिनेमा भाड्याचा असतो, राईड आपली असते. म्हणून पक्क्या बांधकामात, बोटीच्या साच्यात, बोगद्याच्या भिंतीत आपलीच कथा बसवायची. सिनेमाचं जे काही असेल ते नटबोल्टवर, सुट्या पॅनलवर, ध्वनीच्या फाइलमध्ये आणि प्रोजेक्टरवर ठेवायचं. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही राईड १९६७ ची आणि तिच्यावरून निघालेला सिनेमा २००३ चा. २००६ मध्ये सिनेमातली पात्रं परत राईडमध्ये आणली, ती जुन्या प्रसंगांमध्ये मोजक्या जागी उभी करून. राईडची मूळ बांधणी शाबूत राहिली.

आणि इथे मला तुम्हाला मनापासून एक सुचवायचं आहे. नागपूरपासून जबलपूर रोडने दोनेक तासांत पेंच लागतं, आणि तो सगळा सिवनीचा मुलूख किपलिंगच्या ‘जंगल बुक’चा आहे. किपलिंग १९३६ मध्ये गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे मोगली, बल्लू, बघीरा, शेरखान, ‘का’ अजगर हे सगळे भारतात केव्हाच मुक्त झाले आहेत. एवढं ओळखीचं, एवढं जवळचं आणि एक रुपयाही रॉयल्टी नसलेलं साहित्य दुसरं नाही. फक्त मुक्त आहे ते पुस्तक. डिस्नेच्या १९६७ च्या सिनेमातली चेहऱ्यांची ठेवण आणि गाणी त्यांची आहेत. ओरांगउटानांचा राजा लुई तर पुस्तकात नाहीच, तो सिनेमासाठी रचलेला. दूरदर्शनवरच्या मालिकेचं शीर्षकगीत अख्ख्या पिढीला पाठ आहे, पण तेही मुक्त नाही. म्हणून चित्रकाराच्या हातात सिनेमाच्या फ्रेम देऊ नका. पुस्तक द्या आणि पेंचला घेऊन जा. तिथला सागवान, उन्हाळ्यातली पांढरी पडलेली कुलूची झाडं, तिथलं अस्वल बघू द्या. आपलं अस्वल काळं असतं आणि त्याच्या छातीवर पांढरा पट्टा असतो. असा बल्लू कोणाचीच नक्कल ठरणार नाही.

आता तुमच्या बोटीचा शेवटचा उतार आठवा. किपलिंगच्या दुसऱ्या भागात रानकुत्र्यांची टोळी मोगलीच्या मागे लागते. तो त्यांना मधमाश्यांच्या कड्यापर्यंत खेळवत नेतो, माश्या उठवतो आणि कड्यावरून थेट वैनगंगेत उडी घेतो. खाली पाण्यात ‘का’ अजगर त्याची वाट पाहत असतो, कारण पुस्तकातला ‘का’ मोगलीचा मित्र आहे. वैनगंगा, म्हणजे भंडाऱ्याची आपली वैनगंगा! तुमच्याकडे बोगदा आहे, वळणं आहेत, उतार आहे, पाणी आहे. बोगद्यात मागून येणारं गुरगुरणं, शेवटच्या वळणाआधी अंधार आणि डोक्यावरून फिरत जाणारा माश्यांचा आवाज, आणि मग उतार. उडी मारण्याचं इतकं सरळ कारण तुम्हाला कोणत्याच महागड्या सिनेमात मिळणार नाही. बोटीसाठी परवाने विकत घेण्याचा विचार सोडा आणि तो पैसा ध्वनीवर घाला. अंधाऱ्या राईडमध्ये चांगले स्पीकर पुतळ्यांपेक्षा जास्त काम करतात.

कोलंबसबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. जहाजाच्या टोकाला मोठा ड्रॅगन किंवा नायकाचं मुंडकं बसवायचं तुमच्या मनात आहे. नको. तो लंबक आहे. टोकाला वाढवलेला प्रत्येक किलो सांध्यांवर, मुख्य बेअरिंगवर आणि वेल्डवर दर झोक्याला ताण वाढवतो. खालच्या टायरला जहाज ढकलायला आणि थांबवायला जास्त कष्ट पडतात. एकाच टोकाला वजन चढलं तर तोलही जातो. राईडची रचना किंवा चाल बदलणारा कोणताही फेरफार हा मोठा फेरफार मानतात. त्यासाठी मूळ उत्पादकाचं लेखी पत्र किंवा जाणत्या इंजिनिअरची गणितं हवीत. राईडच्या सुरक्षेसाठी आयएस १५४७५ हे भारतीय मानक आहे, ते तुमच्या ऑफिसात असलंच पाहिजे. सीट, लॅप बार (मांडीवर येणारा दांडा) आणि त्यांची कुलपं यांना सजावटीचा माणूस हात लावणार नाही, असं कंत्राटात लिहा.

मग कोलंबसला नवं रूप द्यायचं कसं? जहाज फक्त रंगवा आणि कथा भोवती उभारा. मागचा देखावा, रांगेतला मंडप, सुरू होतानाची घोषणा, झोक्याच्या शिखराशी जुळवलेला आवाज. देखावा स्वतंत्र खांबांवर हवा, राईडच्या सांगाड्याला टांगलेला नको. त्यात वाऱ्याला जायला फटी ठेवा, कारण एप्रिल-मेच्या अवकाळी वादळात सपाट फ्लेक्स शिडासारखा ओढतो. हात पूर्ण पसरलेला उंच माणूस जिथवर पोहोचेल, त्याच्याही पलीकडे सगळी सजावट राहिली पाहिजे. बोटीच्या बोगद्यात हे तपासायची सोपी रीत आहे: बोटीवर त्या मापाची लाकडी चौकट बसवा आणि संपूर्ण मार्गावरून हाताने ढकलत न्या. जिथे चौकट घासते तिथली सजावट काढायची, चौकट लहान करायची नाही.

भूतबंगल्यात माझी पहिली चिंता आगीची आहे. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीतल्या एका पार्कच्या ‘हाँटेड कॅसल’ला आग लागून आठ मुलं गेली. आत फोमसारखं भराभर पेटणारं सामान होतं. २०२४ च्या मे महिन्यात राजकोटच्या गेम झोनमध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. अंधार, अरुंद वाट, काळे पडदे, थर्माकोल, प्लायवूड आणि तात्पुरती वायरिंग, भूतबंगला यांचाच बनतो. म्हणून नव्या सजावटीत थर्माकोल आणि फोम अजिबात नको. फायबर आगरोधक रेझिनचं, पडदे आगरोधक प्रक्रिया केलेले. दोन स्वतंत्र बाहेरच्या वाटा, आणि एक बटण दाबताच सगळे दिवे लागून आवाज बंद होतील अशी सोय. धुराचं यंत्र वापरणार असाल तर धूर ओळखणारी यंत्रणा त्याच्यामुळे बंद करून ठेवली जात नाही ना, हे रोज बघा. अग्निशमन विभागाला काम संपल्यावर बोलावू नका, नकाशा काढतानाच दाखवा.

कथेच्या बाजूने भूतबंगला सगळ्यात लवचिक आहे. डिस्नेलँडची ‘हाँटेड मॅन्शन’ २००१ पासून दरवर्षी काही महिने एका ॲनिमेशनपटाचा वेश घेते आणि नंतर पुन्हा मूळ रूपात येते. तुम्हीही परवाना घेतलेला सिनेमा इथे सुट्टीपुरता लावू शकता. कोणीतरी तुम्हाला मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवून जाळतात तो पुतळा, आत उभी करायला सुचवेल, तेवढं करू नका. तिला लोक नवस बोलतात.

रांगेचाही हिशेब करून ठेवा. आठ सीटची बोट दर ४० सेकंदांनी सुटली तर तासाला ७२० माणसं जातात. मध्ये थांबून बघायचा एक प्रसंग घातला आणि बोटी ६० सेकंदांनी सुटू लागल्या तर ४८०. नव्या नावाने गर्दी वाढेल आणि नेमकी तेव्हाच क्षमता एक तृतीयांशाने घटलेली असेल. थांबे नकोत, कथा चालत्या बोटीत सांगा.

पावसाळ्याचं वेळापत्रक शक्य आहे, पण फक्त बसवण्याचं. घडवणं आधी व्हायला हवं. पुतळ्यांसाठी नागपूरच्या चितार ओळीतल्या मूर्तिकारांइतके जाणते हात तुम्हाला मुंबईहून मागवूनही मिळणार नाहीत. मात्र उन्हाळा संपला की ते गणपतीत आणि मग दुर्गादेवीत गुंततात. म्हणून मातीकाम जानेवारी ते मार्चमध्ये उरका. साचे आणि फायबर एप्रिल-मेमध्ये हिंगण्याच्या एखाद्या शेडमध्ये, भल्या पहाटे, हार्डनर कमी ठेवून, कारण ४५ अंशांत रेझिन ब्रश फिरवेपर्यंत घट्ट होतं आणि जुलैच्या दमटपणात नीट वाळत नाही. बाहेरच्या प्रत्येक वस्तूला ऊन सोसणारा पीयू रंग द्या. स्टिकर एका मे महिन्यात फुगून सुटतात. गडद रंग हात लागेल तिथे नको, लहान मुलं भाजतात. प्रोजेक्टर धूळबंद पेटीत, गार हवेच्या सोयीसकट, आणि फिल्टर दर आठवड्याला साफ.

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडल्या की राईड एकेक करून बंद करा, तिन्ही एकदम नको. पहिली बोट, मग भूतबंगला, शेवटी कोलंबस. सप्टेंबरअखेर काम संपलं की प्रत्येक सीटवर वाळूची पोती ठेवून रिकाम्या पार्कात पूर्ण दिवसभर चालवा, थांबायला किती वेळ लागतो ते जुन्या नोंदींशी ताडून पाहा, नव्या आवाजात ऑपरेटरला धोक्याची घंटा ऐकू येते का ते बघा, आणि तपासनिसाची सही हातात आल्यावरच दिवाळीची जाहिरात छापायला द्या.